दुसरा ब्रेक

"बाई, तुमचा पाय लागला," मागच्या सीटवरून परीक्षक म्हणाले. "मुलीला गाडी बाजूला घ्यायला सांगा."

बझर अजून वाजतच होता. बाईंनी पाय उचलला तेव्हा कुठे तो थांबला. समोर आडवा घुसलेला सायकलवाला, मागे पावाच्या रिकाम्या ट्रेची चळत बांधलेला, काही घडलंच नाही अशा थाटात पलीकडच्या गल्लीत शिरला. त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती सगळ्यात आधी त्याच्यामुळे.

"साहेब, तो मधे घुसला. तुम्ही पण बघितलंत. माणूस मारायचा होता का?"

"बघितलं ना. पण बझर वाजला म्हणजे वाजला. इतकी वर्षं पोरं आणताय, नियम मी सांगायचा का तुम्हाला?"

नियम बाईंना पाठ होता. शिकवायच्या गाडीत क्लच आणि ब्रेक दोन-दोन असतात, एक जोडी शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरी शिकवणाऱ्याच्या. परीक्षेच्या दिवशीही शिकवणाऱ्याने शेजारी बसायचं, पण पाय मागे ओढून. त्याने दुसरा ब्रेक दाबला की बझर वाजतो, म्हणजे गाडी नक्की कोणी थांबवली ते मागे बसलेल्या साहेबाला कळतं. मग रस्त्यात कोणी का आलेलं असेना, शिकणारा नापास.

गोटीने सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. शिकवलं होतं अगदी तसं, एकही गोष्ट मागेपुढे नाही. मग समोरच्या काचेतून बघत ती म्हणाली, "मी बघितलं होतं त्याला. माझा पाय ब्रेकवरच होता."

"होता तर मला का दाबावा लागला?" बाई म्हणाल्या.

गोटीने सीटबेल्ट सोडला आणि उतरून जागा बदलली. ती मुळातच कमी बोलणारी. परत परीक्षेच्या मैदानापर्यंत गाडी बाईंनी चालवली आणि वाटेत त्यांनी सायकलवाल्यापासून सुरुवात करून नगरपालिकेपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. मैदानावर उतरल्यावर साहेबांशी वाद घातला, चार लोक जमेपर्यंत घातला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि महिनाअखेरची एक तारीख लिहून हातात दिली. त्याआधीची जागा शिल्लक नव्हती.

महिनाअखेर. बाईंनी गाडीचं दार आपटलं.

गोटी वसतिगृहात वाढलेली होती. आईवडील नसलेल्या, किंवा असून नसलेल्या मुलींचं वसतिगृह. तिथे अठरा पूर्ण झाली की सहा महिन्यांत पलंग रिकामा करून द्यायचा, कारण दुसरी कोणी तरी त्या पलंगाची वाट बघत असते. गोटीचे सहा महिने या महिनाअखेरीला संपत होते. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या एका लाँड्रीत व्हॅन चालवायला माणूस हवा होता आणि कामाबरोबर लाँड्रीच्या वरची खोली मिळणार होती. लाँड्रीच्या मालकिणीला गोटी आवडली होती. ती एवढंच म्हणाली होती की एक तारखेला लायसन्स घेऊन ये, नाही तर माझा भाचा टपूनच बसलाय. म्हणजे त्या लायसन्सच्या कागदावर गोटीची नोकरी होती आणि डोक्यावरचं छप्परही होतं, आणि ते सगळं बाईंच्या पायाखाली आलं होतं.

बाईंनी हे मुलीबिलीचं प्रकरण स्वतःहून अंगावर घेतलेलं नव्हतं. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा समन्वयक म्हणून काम करणारा एक गोड बोलणारा तरुण त्यांच्याकडे गाडी शिकायला यायचा. गिअर टाकताना गिअरकडे बघायचा आणि त्याबद्दल रोज बोलणी खायचा. त्यानेच एकदा सांगितलं की वसतिगृहातल्या मोठ्या मुलींना बाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाची सोबत लागते, आठवड्यातून एकदा भेटायचं, बोलायचं, बस्स. बाई घरी येऊन सांगायला लागल्या तर नवरा म्हणाला, "जा की. तेवढा वेळ माझ्या कानांना सुट्टी."

संस्थेने सगळ्या सोबत्यांना बसवून शिकवलं होतं. सल्ला द्यायचा नाही, विचारायचं. मागचं काही उकरायचं नाही. मुलीला पुढे जाऊ द्यायचं, आपण बाजूला असायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्याच शनिवारी गोटीला तिचे आईवडील कोण ते विचारलं.

"माहीत नाही," गोटी म्हणाली. "तुमचे?"

बाईंना ती तिथेच आवडली. बुटकी, टणक, कोणी ढकललं तर घरंगळत जाऊन पुन्हा तशीच उभी राहणारी. वसतिगृहातल्या मुलींनी नाव बरोबर ठेवलं होतं. बागेच्या बाकावर बसून बोलणं दोघींनाही जमेना, तेव्हा बाईंनी तिला सरळ गाडीत बसवलं. पुढचे कितीतरी शनिवार त्या दोघी गाडीतच भेटल्या. गोटी शिकत गेली आणि बाई ओरडत गेल्या. क्लच सोड, अगं सोड म्हणजे सोडून दे नव्हे, हळू सोड. तो ट्रक तुझा काका लागतो का, त्याला चिकटून चाललीस ती? गोटी हूं की चूं करायची नाही, पण एकदा सांगितलेली चूक तिने दुसऱ्यांदा केली नाही. इतक्या वर्षांत बाईंच्या हाताखालून अशी पोर गेली नव्हती, आणि हे त्यांनी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

नापास झाल्याच्या संध्याकाळी समन्वयकाचा फोन आला. अपयश हाही एक अनुभव असतो, असं त्याने सांगायला सुरुवात केली. तुम्ही दोघींनी या भावनेबद्दल मोकळेपणी बोलायला हवं.

"अनुभव तुझ्या घरी नेऊन ठेव," बाई म्हणाल्या. "एक तारखेला ती झोपणार कुठे, ते सांग."

त्याच्याकडे एका निवाऱ्याचा पत्ता होता. तिथे जागा असेलच असं नाही, पण तो प्रयत्न करणार होता. बाईंनी फोन ठेवला. त्याला लायसन्स मिळवून देताना आपण किती घसा फोडला होता ते आठवून त्यांना जास्तच चीड आली.

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची होती. त्याच दिवशी त्याच मैदानावर मामांची पोरं धडाधड पास झाली होती. मामा म्हणजे नाक्यावरच्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, आवाज लोण्यासारखा. त्यांच्या एका पोराला तर तिसरा गिअर सापडत नव्हता आणि चढावर गाडी मामांच्याच पायांनी चढत होती, हे मैदानावरच्या चहावाल्यालाही दिसत होतं. तरी तो पास. कारण मामांच्या गाडीतला बझर मुका होता. वायर केव्हाच तोडलेली. मामांचाच कशाला, बाईंचा सोडून सगळ्यांचाच मुका होता. बाईंना या गोष्टीचा फार अभिमान. माझ्या गाडीतून पास झालेलं पोर स्वतःच्या पायांनी पास झालेलं असतं, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या आणि मामांकडे बघून ऐकवायच्या.

"बाई, एवढा ताठा ठेवून काय झालं?" त्या दिवशी मामा म्हणाले होते. "पोरगी बसली ना घरी." त्यात टोमणा कमी आणि कीवच जास्त होती, म्हणून ते बाईंना जास्त लागलं.

त्या दोन दिवस विचार करत राहिल्या. गोटी का बोलत नाही, याचा त्यांनी एकच अर्थ लावला. पोरीला दिसलंच असणार की दुसऱ्यांची पोरं कशी पास होतात. तिच्या मनात येत असणार की या म्हातारीच्या खरेपणापायी माझी खोली जाणार. आणि तिचं काय चुकलं? खरेपणा घेऊन फूटपाथवर झोपायचं का तिने? तिसऱ्या दिवशी सकाळी बाई उठल्या आणि गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याच्या गॅरेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"बझरची वायर तोड," त्या म्हणाल्या.

वायरिंगवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. ही वायर नीट आहे ना, हे दर महिन्याला तपासून घेणारी तीच बाई. त्याने विचारलं, नक्की का. बाईंनी त्याला असं झापलं की तो मुकाट्याने डॅशबोर्डखाली शिरला. कात्रीचा आवाज झाला तेव्हा बाईंनी तोंड फिरवलं. पण घरी येताना त्यांना जरा हलकंही वाटलं. आपण त्या पोरीसाठी केवढी मोठी गोष्ट सोडली, या विचाराने त्यांचे डोळेसुद्धा किंचित भरून आले. स्वतःच्या त्यागाने स्वतःच गहिवरण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच यायचा.

शनिवारी गोटी गाडीत बसली. बाईंनी गाडी सुरू करू दिली नाही. आधी म्हणाल्या, एक गोष्ट सांगायची आहे. मग बझरचं सांगितलं. सांगून झाल्यावर त्या थांबल्या. पोरीने निदान थोडं हसावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

गोटीने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"का तोडली?" तिने विचारलं.

"का म्हणजे? तू पास व्हावीस म्हणून. आता वाजणार नाही."

"पण तुम्ही पाय मागे ठेवला तर वाजणारच नाही ना तो."

"आणि कोणी मधे आलं तर?"

"म्हणजे तुम्ही परत दाबणार." गोटीचा आवाज चढला नाही. तो बारीक आणि कोरडा झाला. "तुम्ही ठरवूनच टाकलंय. मी काय करते ते बघायचं पण नाही, दाबायचाच. फक्त साहेबाला कळू द्यायचं नाही."

"अगं, सगळे तोडतात. तुझ्या भल्यासाठी…"

"सगळ्यांच्या पोरांना येत नाही म्हणून तोडतात. मला येतं." ती पहिल्यांदाच बाईंकडे वळली. "मला येतं ना? तुम्हीच शिकवलंय. मग तुम्हाला कसं कळत नाही मला येतं की नाही ते? त्या दिवशी मी ब्रेक दाबला होता. गाडी हळू झाली होती. तुम्ही वरून दाबलात. मी उद्या व्हॅन चालवणार, तिथे काय तुम्ही शेजारी येऊन बसणार आहात?"

"तोंड सांभाळून बोल," बाई म्हणाल्या.

"मला तुमच्या शेजारी बसून परीक्षा द्यायचीच नाही. नापास झाले तर मला कळलं पाहिजे मी झाले. आणि पास झाले तरी."

तिने किल्ली काढून डॅशबोर्डवर ठेवली, उतरली, दार हळू लावलं आणि वसतिगृहाच्या दिशेने चालायला लागली. आपटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

घरी येईपर्यंत बाईंचा पारा चढलेलाच होता. उपकाराची जाणीव नाही, या मुलींना किती करा, जिथल्या तिथे. संस्थेला सांगून टाकते, मला नको ही थेरं. पायातल्या चपला एक इकडे, एक तिकडे. नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होता. आयुष्यभर ट्रक तोलायच्या काट्यावर बसून काढलेला माणूस, त्याला घाई म्हणून कसलीच नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं. बाई दम घ्यायला थांबल्या तेव्हा तो म्हणाला, "बरोबर बोलली पोरगी."

"तुला काय कळतंय गाडीतलं?"

"गाडीतलं नाही कळत." त्याने शेंग सोलून दाणे वाटीत टाकले. "आपल्या लेकीला येते गाडी चालवायला. माहीत आहे तुला?"

बाई त्याच्याकडे वळल्या. त्यांची लेक दूरच्या शहरात नोकरी करायची. लेकीला गाडी येत नाही, हा घरातला जुना विषय होता. गाडी शिकवणाऱ्या बाईची मुलगी आणि रिक्षाने फिरते, असं म्हणून बाई चारचौघांत हसायच्याही. अठराव्या वर्षी त्यांनी तिला शिकवायला घेतलं होतं. एकदा भर चौकात ती रडत खाली उतरली आणि चालत घरी आली. पोर भित्री आहे, असं बाईंनी त्या दिवशी ठरवून टाकलं होतं.

"केव्हा शिकली?"

"झाली की बरीच वर्षं. मला म्हणाली, आईला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

बाईंनी फोन उचलला. लेकीने उचलल्यावर ना कसं आहे ना काय चाललंय, एकदम विचारलं, "कोणाकडे शिकलीस?"

लेक म्हणाली, "बाबा पण ना." आणि मग म्हणाली, "इथे एक आजोबा आहेत, आई. ते शेजारी बसून पेपर वाचायचे."

"पेपर?"

"हो. मी विचारायचे, बरोबर चाललंय ना. तर म्हणायचे, धक्का बसला तर बघतो वर."

लेक हे हसत सांगत होती, प्रेमाने सांगत होती, आणि बाईंना ते ऐकवत नव्हतं. इतका बेजबाबदार माणूस, त्याचं लायसन्स काढून घ्यायला हवं, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. ते त्यांनी गिळलं. बरं, जेवलीस का, असं काहीतरी विचारून फोन ठेवला.

नंतर त्या टेबलाशी बसल्या. नवऱ्याने वाटाण्याची अर्धी टोपली त्यांच्यापुढे सरकवली, त्या सोलत राहिल्या. त्या दिवशीची गाडी त्यांना पुन्हा पुन्हा आठवत होती. ब्रेक लागला की गाडीचं नाक किंचित खाली वाकतं. ते डोळ्यांना दिसायच्या आधी पाठीला कळतं. जन्म गेला होता त्यांचा त्या सीटवर, त्यांच्या पाठीला ते कळलं नसेल असं शक्यच नव्हतं. गाडीचं नाक आधीच वाकलं होतं. गोटीने ब्रेक लावला होता, वेळेवर, बेताने. बाईंना ते कळलं होतं आणि तरी त्यांनी दाबला होता. सायकलवाला, साहेब, समन्वयक, मामा, नगरपालिका, सगळ्यांवर ओरडून झालं होतं. आता राहिलेला राग काढायचा कोणावर? आणि तोच सगळ्यात मोठा होता. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली, आणि तिच्या मागोमाग भीती. चूक पोरगी करेल याची नव्हे. ती चुकणार नाही, आणि मग आपली गरज काय उरली, याची.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गॅरेजमध्ये गेल्या. वायर जोड म्हणाल्या. वायरिंगवाल्याने या वेळी कारण विचारलं नाही. तिथून त्या तडक नाक्यावर मामांकडे गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या ऑफिसची पायरी चढत होत्या आणि ती पायरी त्यांना चांगलीच उंच वाटली.

"परीक्षेला माझ्या गाडीत, माझ्या जागेवर बसाल का?" बाईंनी विचारलं. "बझर चालू आहे. पाय लावायचा नाही. अजिबात नाही."

मामांनी चष्मा काढून पुसला. चिडवायला इतकी चांगली संधी त्यांना पुन्हा मिळणार नव्हती आणि ते त्यांनाही कळत होतं.

"बाई, माझे पाय आता माझंच ऐकत नाहीत," ते म्हणाले. "सवयीने जातात. एक करतो. सीटवर मांडी घालून बसतो."

"मांडी मोडलीत तर बघा," बाई म्हणाल्या. आभार मानण्याची त्यांची हीच पद्धत होती.

गोटीला सांगायला त्या वसतिगृहाच्या फाटकाशी गेल्या. माफी कशी मागतात ते त्यांना नीट येत नव्हतं. त्यांनी फाटकाच्या गजाला धरून एका दमात सांगितलं की गाडी आपलीच, हाताला बसलेली आहे म्हणून. पण शेजारी मामा बसतील. वायर जोडून घेतली आहे. गोटी ऐकत होती.

"आणि त्या दिवशी," बाई म्हणाल्या, "तू ब्रेक लावला होतास. मला कळलं होतं."

गोटीने मान हलवली. हसली नाही, रडली नाही. "माहीत आहे मला," ती म्हणाली आणि आत गेली. बाईंना वाटलं होतं की हे बोलून टाकलं की छातीवरचं ओझं उतरेल. ते काही उतरलं नाही.

परीक्षेच्या दिवशी समन्वयक मैदानावर हजर होता. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र, हातात मोबाईल. लायसन्स मिळाल्यावर गोटीचा आणि बाईंचा एकत्र फोटो हवा होता, संस्थेच्या वार्षिक अंकात छापायला. गोटी परीक्षेच्या रांगेत उभी असतानाच तो तिला जरा इकडे बघ म्हणायला लागला. बाईंनी त्याचा दंड धरून त्याला चहाच्या टपरीमागे नेलं. निवाऱ्याच्या पत्त्याचं काय झालं, असं विचारलं. तो चाचरला. मग बाईंनी त्याला, आवाज अजिबात न चढवता, जे सुनावलं ते असं होतं की तो टपरीमागूनच परस्पर निघून गेला. चहावाल्याने कानावर हात ठेवले.

गोटी गाडीत बसली. शेजारी मामा, खरोखरच मांडी घालून, दोन्ही हातांनी आपल्याच पायांचे अंगठे धरून. मागे साहेब. साहेबांनी मामांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि काही न विचारता दार लावून घेतलं. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि डावीकडे वळून दिसेनाशी झाली.

बाहेर थांबलेल्यांसाठी मैदानाच्या भिंतीलगत एक बाक होतं. आईबाप, भाऊ, कोणी कोणी बसलेलं. बाई आजवर त्या बाकावर कधी बसल्या नव्हत्या, त्यांची जागा कायम गाडीत असायची. शेजारी एका मुलाची आई होती. ती सारखी उठायची, फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. बसा हो, तुमच्या चालण्याने तो लवकर येणार आहे का, असं बाई तिच्यावर खेकसणार होत्या. पण मग त्यांच्या लक्षात आलं की आपणही मघापासून उभ्याच आहोत.

त्यांना बाजारातली ती गल्ली दिसत होती, शाळेजवळचं वळण दिसत होतं. तिथे दुपारी रिक्षा कशाही लावलेल्या असतात आणि त्यांच्या मधून कोणीही कधीही बाहेर येतं, हे पोरीला सांगायचं राहिलं होतं. सांगितलं होतं, दहादा सांगितलं होतं, तरी राहिलंय असं वाटत होतं. गाडी यायला फार वेळ लागतोय असं त्यांना वाटलं. मग वाटलं की नेहमीएवढाच लागतोय, पण आतून तो कधी कळला नाही.

गाडी आली. फाटकातून आत वळली, रांगेच्या शेवटी सरळ उभी राहिली. साहेब उतरले आणि कागदावर सही करत आपल्या खोलीकडे गेले. गोटी त्यांच्या मागे धावली. मामा पाय चोळत बाहेर आले.

"पाय बधिर झाले," ते म्हणाले. "शाळेपाशी एक रिक्षा अशी अंगावर आली, बाई. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर आपण थांबलेले. पाण्याचा ग्लास ठेवला असता तरी सांडला नसता." मग जरा थांबून ते म्हणाले, "तुम्ही आजवर बाकीच्यांनाही असंच शिकवत होतात का?"

बाईंना खूप विचारायचं होतं. रिक्षा कोणत्या बाजूने आली, गोटीने मागे बघितलं का, गिअर कितवा होता. त्यांनी काहीच विचारलं नाही.

गोटी खोलीतून आली ती फोनवर बोलतच. हो मॅडम, मिळालं. हो, आत्ता निघते. लाँड्रीच्या मालकिणीला संध्याकाळची फेरी हवी होती. आधीचा ड्रायव्हर सकाळीच सोडून गेला होता. गोटीने फोन ठेवला आणि बाईंपुढे येऊन उभी राहिली. तिच्या पाठीला पिशवी होती. तिचं सगळं सामान त्या पिशवीत मावलं होतं. वसतिगृहाचा पलंग ती सकाळीच रिकामा करून आली होती, पास होण्याआधी. बाईंना ते आत्ता कळलं. एवढी हिंमत, आणि आपण हिच्या शेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो.

"निघते," गोटी म्हणाली.

व्हॅनचे ब्रेक जड असतात. चादरींचं ओझं असलं की थांबायला जास्त अंतर लागतं. हॉस्पिटलच्या मागच्या गेटला उलटं घ्यावं लागतं, तिथे खांब आहे. हे सगळं बाईंच्या घशापर्यंत आलं. गोटी क्षणभर थांबली, जणू ते ऐकायलाच थांबली होती. संस्थेच्या नियमाने त्यांची सोबत आज संपली होती. पुढे भेटायचं की नाही ते दोघींनी ठरवायचं होतं, आणि दोघींपैकी कोणी त्याबद्दल बोललं नाही.

"बरं," बाई म्हणाल्या.

गोटी फाटकाबाहेर गेली आणि बस येताना दिसली म्हणून पळाली. बाईंची पुढची शिकवणी होती. एक निवृत्त गृहस्थ, स्टिअरिंगला असे धरायचे की जणू ते पळून जाईल. त्यांना नाक्यावरून घ्यायचं होतं, उशीर होत होता. बाई गाडीत बसायला गेल्या आणि त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आदळले. सीट पार पुढे ओढलेली होती, आणि खाली वळवून ठेवलेल्या आरशात मागचा रस्ता नव्हताच, नुसती मागची सीट होती. त्या तशाच अवघडून थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी सीट मागे घेतली, आरसा आपल्या डोळ्यांपुरता वर वळवला आणि गाडी सुरू केली.